गुळ्याचा चतकोर

जिथं गावाची शेवटची वाट संपते आणि डोंगराचं रान सुरू होतं, तिथं एक इटुकली झोपडी होती. झोपडीत हौसा राहायची, तिची आई सगुणा राहायची, आणि दारातल्या पोत्यावर गुळ्या पडलेला असायचा. गुळ्या म्हणजे त्यांचा कुत्रा, गुळाच्या ढेपेच्या रंगाचा. हौसा रांगत होती तेव्हा तो तिच्यापुढं नाचत चालायचा. आता हौसा आठ वर्षांची झाली होती आणि गुळ्या म्हातारा. त्याच्या डोळ्यांत पांढरी साय धरली होती, दात पडले होते, मागचे पाय काही केल्या उचलत नव्हते.

मायलेकी रानातून पळसाची पानं आणायच्या आणि पत्रावळी टाचायच्या. त्यावर दोन वेळची भाकरी कशीबशी निघायची. तरी रोज सकाळी सगुणा भाकरीचा एक चतकोर मोडून हौसाच्या हातात द्यायची. "कोमट पाण्यात भिजव, मऊ कर, अन् बारीक घास करून भरव त्याला. म्हातारा जीव हाय, घाई करू नको," असं सांगून ती पानांना जायची.

सुरुवातीला हौसानं अगदी मनापासून भरवलं. मग एके दिवशी गुळ्याच्या बोळक्या तोंडातून घास सारखा पडू लागला. हौसाला भूक लागली होती. उरलेला तुकडा तिनंच खाल्ला. वाया जाण्यापेक्षा बरं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी तिनं दोनच घास भरवले. तिसऱ्या दिवशी तर पाणी गरम करायचाच कंटाळा केला, चतकोर गपकन खाऊन टाकला आणि गुळ्यापुढं नुसती पाण्याची वाटी सरकवली. गुळ्या पाणी प्याला आणि त्यानं शेपटी हलवली. ती शेपटी हौसाला बघवेना, म्हणून ती त्याच्याकडं पाठ करून बसली.

असे सहा दिवस गेले. शेजारच्या गिरजाकाकू येता-जाता तिचं कौतुक करायच्या. "म्हाताऱ्या कुत्र्याचं इतकं कोण करतं गं? गुणाची पोर तुझी, सगुणा." हौसाचे कान गरम व्हायचे. ती मान खाली घालून पानाला काडी टोचत राहायची. काकूंना वाटायचं, पोर लाजाळू आहे.

सातव्या दिवशी सकाळी सगुणानं गुळ्याच्या अंगावरून हात फिरवला. हाताला बरगड्या लागल्या.

"खातो ना गं ह्यो?"

"न्हाई खात," हौसा म्हणाली. शब्द तोंडातून निसटला आणि मागं घेता येईना.

सगुणाचे डोळे भरून आले. "मग अन्न सोडलं त्यानं. आता बळंच भरवायचं न्हाई. उद्यापासून त्याचा चतकोर ठेवायला नको. सुखानं जाऊ दे त्याला."

गुळ्यानं अन्न सोडलं नव्हतं. तो भुकेला होता, भुकेलाच मरणार होता, आणि हे जगात एकटी हौसाच जाणत होती. पण हे आईला सांगायचं सोडून ती टोपली उचलून रानात पळाली.

रान त्या दिवशी असं सजलं होतं की विचारू नका. पिवळ्याधमक सोनकीनं उतार झाकला होता, गुलाबी तेरडा वाऱ्यावर डुलत होता आणि गवताच्या पात्यापात्यावर दवाचे मणी लुकलुकत होते. त्या सगळ्या लखलखाटात हौसा गुडघ्यांत तोंड खुपसून रडत बसली.

तेवढ्यात सोनकीच्या एका फुलातून आळस देत एक चिमुकली परी बाहेर आली. करंगळीएवढी उंची, तेरड्याच्या रंगाचे झिरझिरीत पंख आणि कमरेला इवलासा चंदेरी बटवा.

"तूच ना हौसा? म्हाताऱ्या कुत्र्याला रोज भरवणारी?" परीनं विचारलं. "वाऱ्याबरोबर तुझं कौतुक इथवर आलं. मी तुला बक्षीस द्यायला आले आहे."

हौसानं मान हलवली. हो म्हणून हलवली, बरं का.

परीनं बटव्यातून तीन सोनेरी ठिणग्या काढून तळहातावर ठेवल्या. "तीन इच्छा माग. पण दोन नियम आहेत. गेलेली वर्षं मला परत आणता येत नाहीत. आणि पोटात एक, ओठावर एक ठेवून मागितलं, तर ठिणगी विझते."

हौसा घाईघाईनं म्हणाली, "आमच्या गुळ्याला भूक लागू दे. त्यानं अन्न सोडलंय." फुस्स करून पहिली ठिणगी विझली.

"मग... मग आमच्या घरी रोज पोटभर भाकरी येऊ दे. म्हंजी मी त्याला अजून चांगलं भरवीन." दुसरीही विझली.

परी रागावली नाही. ती नुसती बघत राहिली. त्या बघण्यानं हौसाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"परीबाई, मी गुणाची न्हाई," ती अखेर म्हणाली. "त्याचा चतकोर मी खाल्ला. रोज खाल्ला."

"मला सांगून काय होणार गं बाळ?" परीनं उरलेली ठिणगी तिच्या मुठीत ठेवली. "जिला फसवलंस, तिला सांग. मग माग."

मूठ घट्ट धरून हौसा घरी आली. अंगणात आईजवळ नेमक्या गिरजाकाकू बसल्या होत्या. "आली बघ गुणाची पोर," त्या म्हणाल्या. हौसाला वाटलं, काकू गेल्यावर सांगू. पण मुठीतली ठिणगी गार पडत चालली होती.

"आये, गुळ्यानं अन्न सोडलं न्हाई. त्याचं मी खात हुते."

गिरजाकाकू पदर सावरून उठल्या आणि निघून गेल्या. सगुणानं विचारलं, "भूक लागायची का गं तुला?"

हो म्हटलं असतं, तर आईनं पोटाशी धरलं असतं. हौसाला ते कळत होतं. तरी ती म्हणाली, "पहिल्या दिवशी लागली हुती. मागनं नुसता कंटाळा यायचा त्याला भरवायचा." आणि मग तिला इतकी लाज वाटली की तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सगुणानं तिला मारलं नाही आणि जवळही घेतलं नाही. ती उठली, चूल पेटवली आणि एक भाकरी थापली. आख्खी भाकरी तिनं हौसाच्या हातात दिली.

हौसानं ती भिजवून मऊ केली. "त्याला माझ्या हातनं खाता येऊ दे," ती मुठीशी पुटपुटली. ठिणगी विझली नाही. बोटांतून ऊन झिरपावं तशी ती घासात उतरली. गुळ्यानं हळूहळू, चघळत चघळत, सगळं खाल्लं आणि त्यानं तिची बोटं चाटली. त्याच्या मनात काहीच नव्हतं. ह्याचंच हौसाला जास्त रडू आलं.

पुढचे अकरा दिवस तिनं त्याला भरवलं, त्याचं पोतं धुतलं, त्याच्या अंगावरच्या माश्या हाकलल्या. घास पडला तर पुन्हा उचलून मऊ केला. बाराव्या दिवशी सकाळी गुळ्यानं घासाचा वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"आये, आज त्यानं खरंच अन्न सोडलं," हौसा म्हणाली. सगुणानं तिच्याकडं बघितलं, काही विचारलं नाही, आणि येऊन शेजारी बसली.

तेव्हा कोवळ्या उन्हातून चिमुकली परी उतरली. "त्या तीन ठिणग्या मी ऐकलेल्या मुलीसाठी होत्या," ती म्हणाली. "ही एक मी पाहिलेल्या मुलीसाठी."

हौसानं गुळ्याचं डोकं मांडीवर घेतलं. खूप काही मागता आलं असतं. "त्याला जाताना भ्या वाटू नये," एवढंच ती म्हणाली.

अंगण सोनेरी उजेडानं भरून गेलं. गुळ्यानं डोळे उघडले, त्यांत साय नव्हती. त्यानं हौसाला नीट पाहिलं, शेपटी एकदा जमिनीवर आपटली आणि शांतपणे डोळे मिटले. उजेड विरला तशी परीही त्यात विरून गेली.

सगुणानं हौसाला जवळ ओढलं. मग दोघी मिळून त्याच्यासाठी जागा खणायला गेल्या.