तुळईला बांधलेलं टोक

ऐका हो बायांनो, लेकराबाळांनीही ऐकावं. फार पूर्वी डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गावाला विहीर एकच, आणि तीही चाळीस हात खोल.

त्या गावात एक म्हातारी राहायची. तिची लेक दूर दिली होती. दोनदा लेकीची कूस भरली, दोनदा रिकामी झाली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा म्हातारी देवीला बोलली, की लेक सुखरूप मोकळी होईपर्यंत रोज, सूर्य देवळाच्या कळसावर यायच्या आत, अकरा घागरी पाणी स्वतः शेंदून तुझ्या पायरीवर घालीन. ओढायला दुसऱ्या कोणाचा हात लागला, की व्रत मोडलं.

चार महिने निभले. मग म्हातारीचे खांदे भरून येऊ लागले, तळहात सोलवटले. सातव्या घागरीलाच तिला धाप लागे, आणि सूर्य तर कोणासाठी थांबत नाही.

एके सकाळी ती विहिरीवर आली, तर कप्प्या एकीच्या दोन झालेल्या. एक नेहमीची, वर तुळईला. दुसरी खाली, घागरीच्या गळ्याशी. दोराचं एक टोक तुळईला गाठ मारून बांधलेलं. तिथून दोर खाली जाई, घागरीच्या कप्पीला वळसा घालून पुन्हा वर येई, आणि वरच्या कप्पीवरून हातात. म्हातारीनं ओढलं. घागर निम्म्या वजनाची लागली.

आनंद व्हायचा, तर तिनं घागरीत डोकावून पाहिलं. घागर काठोकाठ भरलेली; मग वजन गेलं कुठं? बाकीचं निम्मं धरतंय कोण?

विचारता विचारता कळलं, की हे तिच्या सुनेनं सुताराला सांगून करून घेतलंय. सून बिचारी अबोल. पण संशयाला अबोल माणूसच आधी सापडतं. शेजारीण म्हणाली, विहिरीत आसरा असतात, पाण्यातली भुतं ती, फुकट कशाला ओढतील, काहीतरी मागणारच. झालं, म्हातारीच्या मनानं घेतलं. निम्मा भार दुसऱ्याचा म्हणजे निम्मं पुण्यही दुसऱ्याचं, आणि तिकडे लेकीचं काय होणार?

"खरं सांग गं," तिनं सुनेला धरलं, "कोणाला बसवलंस विहिरीत?"

"कोणाला नाही, आत्याबाई. तुमचे हात बघवेनात."

"माझे हात बघवेनात, की माझ्या लेकीचं सुख?"

त्या दिवसापासून म्हातारी तिच्या हातचं पाणी पिईना. पाणी शेंदताना चारचारदा मागं वळून बघे, विहिरीत वाकून बघे.

एक दिवस दहा घागरी झाल्या, अकरावी पाण्यात सोडली, आणि तिची नजर तुळईच्या गाठीवर गेली. हे टोक कोणी ओढत नाही, सोडत नाही. काम ना धाम, नुसतं बांधून बसलंय. करणी असेल तर इथंच. घागर पाण्यावर तरंगत होती, दोर सैल होता. म्हातारीनं गाठ सोडली आणि हातातला दोर जोर लावून ओढला.

सुटलेलं टोक सरसरत खाली गेलं, खालच्या कप्पीतून निसटलं. घागर बुडबुडली आणि कप्पीसकट तळाला गेली. म्हातारी पाठीवर आपटली. सूर्य कळसाच्या हातभर खाली होता.

तिचा हंबरडा ऐकून सून माहेरची घागर घेऊन धावली. सुतार जवळच नांगर तासत होता, तोही आला. त्यानं दुसरी कप्पी लावली, दोर ओवला, टोक पुन्हा तुळईला बांधलं आणि बाजूला झाला.

"मावशी, आता तुम्हीच ओढा. दोर किती हात येतो तेवढं मोजा."

म्हातारीनं मोजलं. घागर काठाला लागली तेव्हा ऐंशी हात दोर पायाशी पडला होता.

"विहीर चाळीस हात, तुम्ही ओढलंत ऐंशी," सुतार म्हणाला. "तुमचे कष्ट कोणी घेतले नाहीत, नुसते लांबवले. तुळई भार धरते, ओढत नाही. ती जागची हलली तरी का?"

म्हातारीनं तुळईकडे पाहिलं, मग सुनेकडे. सून दूर उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. चुकूनसुद्धा दोराला लागू नयेत म्हणून.

अकरावी घागर पायरीवर रिती झाली आणि मग ऊन कळसावर आलं. घरी येऊन म्हातारी सुनेला एवढंच म्हणाली, "पाणी दे गं पोरी, घसा सुकलाय."

तिची स्वतःची घागर गळ टाकूनही सापडली नाही. उरलेलं व्रत सुनेच्या घागरीनंच पुरं झालं. ज्येष्ठात लेक सुखरूप मोकळी झाली. देवीनं तिचं केलं तसं सगळ्यांच्या लेकीसुनांचं भलं करो.

आधार देणारा आपल्या पुण्यात वाटा मागत नाही. त्याच्यावर संशय घेणारा आपल्याच हातानं आपली गाठ सोडतो.