कुलूपवाली साइट

वाचनालयाचे अध्यक्ष आबासाहेब खर्डेकर इंटरनेटचे जाणकार होते. दोन तासांच्या शिबिराचं प्रमाणपत्र फ्रेम करून त्यांच्या डोक्यामागेच टांगलं होतं. एकदा त्यांना कुठलासा ‘ग्रंथभूषण’ पुरस्कार मिळाल्याचा ईमेल आला. लिंक उघडून वाचनालयाचा पासवर्ड तेवढा भरायचा होता. तो होता ग्रंथपाल वैजयंतीबाईंकडे, आणि त्यामागे तीन हजार सभासदांचे पत्ते नि फोन नंबर.

“साहेब, ही साइट बनावट वाटते.”

“साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसत नाही? कुलूप म्हणजे साइट खरी! उद्याच्या बैठकीत पासवर्ड द्या, नाहीतर घरी बसा.”

बैठकीत वैजयंतीबाईंनी पडद्यावर एक साइट उघडली. ठळक बातमी होती: ‘अध्यक्ष खर्डेकर यांचा राजीनामा, काहीच कळत नसल्याची कबुली.’

आबासाहेब ताडकन उठले. “धादांत खोटं! कुठल्या चोराची साइट ही?”

“माझी. काल संध्याकाळी केली. कुलूप फुकट मिळालं. आपण भरलेलं वाटेत कुणी वाचत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे कोण बसलंय, ते नाही सांगत. पण तुम्ही म्हणता तर बातमी खरीच असणार.”

चिटणीसांनी तोवर इतिवृत्तात लिहूनही टाकलं होतं: राजीनामा एकमताने मंजूर.