हॉर्नच्या बटणाची पूजा

घाटात एकच अरुंद रस्ता होता, तेव्हाची गोष्ट. रंगरावांच्या जीपच्या स्टीअरिंगवरचं हॉर्नचं बटण दर वळणावर ओरडून सगळ्यांचा जीव वाचवायचं. म्हणून रंगराव दर दसऱ्याला त्याला ओलं हळदकुंकू लावायचे. ते फटीतून आत झिरपून सुकत गेलं आणि एके दिवशी बटण मुकं झालं.

मेकॅनिकने फ्यूज पाहिला, वायरी तपासल्या. सगळं ठीक होतं. “मग बिघडलंय तरी काय?” तो वैतागला.

“माझा गळा बुजलाय! मला उघडून बघा!” बटण आक्रोश करत होतं, पण त्याचा आवाज हॉर्नमधूनच बाहेर पडायचा.

“दृष्ट लागली गाडीला,” रंगराव हळहळले. त्यांनी बटणाला आणखी हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि वऱ्हाड बसवून जीप घाटाकडे वळवली.