खेकड्याची साक्ष

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावातून एक ओढा वाहायचा. ओढा मोठा लहरी. चार पावलं पुढे जायचा, दोन पावलं उगीच बाजूला वळायचा. पण बाराही महिने वाहायचा आणि त्यातले खेकडे साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेले होते.

त्या गावाच्या जमिनीखाली दगडी कोळसा निघाला. राजाच्या भट्ट्यांना कोळसा हवाच होता. त्याने खाणीवर त्याच गावचा एक मुकादम नेमला. कोळसा निघेपर्यंत सात वर्षं गावाने डोंगरापलीकडे राहायचं आणि नंतर जमीन, ओढा, सगळं पहिल्यासारखं परत घ्यायचं असं ठरलं. मुकादमाने चावडीसमोर बेलभंडारा उचलून तसा शब्द दिला.

"परत मिळालं हे आम्ही ओळखायचं कसं?" गावातल्या म्हाताऱ्या कुंभारणीने विचारलं.

"मावशी, तुम्हीच सांगा."

"ओढ्याच्या काठाला खेकडा बीळ करील त्या दिवशी आम्ही चुली उचलून परत येऊ. त्याआधी नाही."

सगळे हसले. मुकादमही हसून बरं म्हणाला. पाणी आलं की खेकडा येतोच, त्यात काय एवढं, असं त्याला वाटलं.

मुकादम कष्टाळू होता, मनाने चांगला होता. त्याला वेड एकच, सरळ रेषेचं. पागोट्यात कायम दोरीचं भेंडोळं खोचलेलं असे. दोरी ताणल्याशिवाय हा चटईसुद्धा अंथरत नाही, असं त्याची बायको सांगायची.

खाणीत एक चर खणायचा आणि त्यातून निघेल ते मागच्या रिकाम्या चरात ढकलायचं अशी रीत होती. ती कमी कष्टाची, म्हणून सगळ्यांना आवडायची. वरची काळी माती आधी निघे, ती आधी तळाला जाई. कोळशालगतचा ठिसूळ दगड शेवटी निघे, तो सगळ्यांत वर येई. हे रोज डोळ्यांसमोर घडत होतं, म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही.

सात वर्षांनी कोळसा संपला. मुकादमाने दोऱ्या ताणल्या आणि सगळी जमीन जेवायच्या पाटासारखी सपाट केली. मधून ओढ्यासाठी नाकासमोर जाणारा चर काढला, वर हरळीचे गड्डे लावले आणि डोंगरात अडवून ठेवलेलं पाणी सोडलं. काम इतकं देखणं झालं की तो स्वतःच रोज दोनदा बघायला जाई. दसऱ्याला राजा पाहणीला येणार होता. काम पसंत पडलं तर भर दरबारात शेला-पागोटं मिळणार होतं.

दसऱ्याला पंधरा दिवस उरले असताना कुंभारीण तिथे आली. तिच्या हातात काळवंडलेला जुना तांब्या होता. तिने तो ओढ्यात बुडवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि बाहेर काढला. तांब्या लखलखत होता.

"बघा मावशी, भांडी घासायचीसुद्धा गरज नाही," मुकादम कौतुकाने म्हणाला.

"तांब्या कशाने उजळतो रे?"

"चिंचेने."

"मग इथे चिंच कुणी कोळली?"

मुकादमाने ओंजळभर पाणी जिभेला लावलं आणि लगेच थुंकलं. हरळीचा गड्डा उचलून पाहिला तर खाली तोच ठिसूळ दगड, पावसाने तांबूस झालेला. सगळा आंबटपणा त्यातून झिरपत होता. पुढे सरळ चरात पाणी इतकं जोरात धावत होतं की काठ ढासळून चालला होता. मुकादमाने कपाळाला हात लावला.

"यात खेकडा राहायचा नाही," कुंभारीण म्हणाली आणि तांब्या घेऊन निघून गेली.

हाताखालचा कारकून हुशार होता. तो म्हणाला, "मुकादम, राजा हत्तीवर बसून येणार. वरून हिरवं दिसलं की झालं. पाण्याची चव बघायला हत्तीवरून कोण उतरतंय?"

खरं तर मुकादमाला हे पटत होतं. शेला त्याला फार फार हवा होता. पण बेलभंडारा उचललेला हात सारखा डोळ्यांसमोर येई. चौथ्या दिवशी त्याने राजाला निरोप पाठवला, "काम चुकलं आहे. चूक माझी आहे. आणखी दोन वर्षं लागतील."

राजा नाराज झाला. शेला शेजारच्या खाणीच्या मुकादमाला मिळाला. त्याचं काम हत्तीवरून छान हिरवं दिसलं होतं. त्या खाणीच्या गावाने मात्र अजून चुली उचललेल्या नाहीत.

इकडे मुकादमाने स्वतः कुदळ घेतली. आंबट दगड उकरून पार तळाला घातला. कुंभारणीने दाखवली ती पिवळी चिकणमाती त्यावर पसरून म्हशींकडून तुडवून घेतली. त्यावर मुरूम आणि सगळ्यांत वर काळी माती.

"आता ओढा," म्हणत त्याने दोरी काढली.

"दोरी ठेव. थोडं पाणी सोड आणि त्याच्यामागून चाल," कुंभारीण म्हणाली.

मग काय विचारता! मुकादम चुन्याची पाटी काखेत घेऊन बोटभर पाण्याच्या मागे फिरू लागला, रांगत्या लेकरामागे आई फिरते तसा. पाणी थांबलं की हा थांबे, ते वळलं की हा वळे आणि चुन्याची खूण करी. त्या खुणांवर ओढा खणला गेला. एका जागी मात्र त्याला अगदीच राहवलं नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप एक वळण सरळ केलं. पुढच्या पावसात काठ फुटला तो नेमका तिथेच. त्याने निमूटपणे वळण पुन्हा घातलं. त्याला लोक मुकादमाचं वळण म्हणू लागले.

दुसऱ्या वर्षी कुंभारणीने ओढ्यात पुन्हा काळवंडलेला तांब्या बुडवला. काळा गेला, काळाच बाहेर आला. तिने मान डोलावली. मुकादमाच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

तरी त्याला धीर धरवेना. रोज सकाळी तो काठाने वाकून वाकून चाले. एकदा आपल्याच वळणावर त्याला ओल्या मातीत गोल भोक दिसलं. त्याने अंमळ बोट घातलं. आणि मग बोंब ठोकत, बोटाला लोंबकळणारा खेकडा उंच धरून तो डोंगरापलीकडे धावत सुटला.

गाव गोळा झालं. बोट सुजून टोमॅटो झालं होतं आणि हा हसत होता.

"दुखतंय का रे?" कुंभारणीने विचारलं.

"फार दुखतंय, मावशी. चुली उचला."

कुंभारणीने खेकडा हलकेच सोडवून ओल्या फडक्यात ठेवला आणि घरात जाऊन सगळ्यांत आधी आपली चूल उचलली. गाव निघालं तेव्हा सर्वांत पुढे तो खेकडा होता. त्याला त्याच्या बिळाशी सोडून मगच बायकांनी चुली मांडल्या.

तात्पर्य: घेतलेलं परत केलं, असं घेणाऱ्याने म्हणून भागत नाही. ज्याचं होतं, तो तिथे पुन्हा नांदू लागला तरच ते परत मिळालं.