गारठा जिंकलेला शिष्य

“मग ही ऊब वाटते ती कशी, बाबा? ही सिद्धी नाही तर काय?”

पहाट फुटत होती. सातपुड्याच्या माथ्यावरच्या मठात शिवनाथ ओल्या लंगोटीवर गुरूंसमोर उभा होता. माघातली जलधारा त्यानं स्वतः मागून घेतली होती. टांगलेल्या घड्याखाली बसायचं आणि भोकातून डोक्यावर पडणारं गार पाणी सोसत जप करायचा. तप तडीस गेलं की दीक्षा. आज तो मधूनच उठून आला होता, पण कच खाऊन नव्हे. बातमी पोटात मावेना म्हणून.

धुनीपाशी बसलेल्या केवळबाबांनी मान वर केली.

“कुडकुडणं कधी थांबलं?”

“मघाशीच. आधी दात वाजायचे, लाज वाटायची. मग... सगळं शांत. आता तर ही लंगोटीसुद्धा नकोशी झालीय.”

त्याची जीभ अडखळत होती. त्याला वाटलं, समाधीच चढतेय.

राखेच्या कडेला मठाचा कुत्रा भुऱ्या नाक पोटात खुपसून पडला होता. शिवनाथ हसला.

“याला बघा. अंगभर केस, तरी देहाचा गुलाम!”

बाबा हसले नाहीत.

“तुझी माळ कुठाय?”

शिवनाथनं हाताकडे पाहिलं. माळ नव्हती. कुठे गळली, त्याला कळलंच नव्हतं.

“अंगठा करंगळीला टेकव.”

“एवढंच?”

अंगठा निघाला... वाटेतच थांबला. पुन्हा निघाला. करंगळी काही सापडेना.

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. सातपुड्याचा गारठा कुणाच्या तपाला भीक घालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

“मी जातो,” शिवनाथ पुटपुटला. “घड्यात पाणी आहे अजून...”

बाबा उठले, अंगणात गेले आणि हातातला चिमटा घड्यावर घातला. त्यांनीच पूजलेला घडा. खळ्ळकन फुटला.

“माझं तप!” मागोमाग आलेला शिवनाथ ओरडला आणि उंबऱ्यातच कोसळला.

बाबांनी त्याला आत ओढलं. ओलं फेडून अंग कोरडं केलं, घोंगडीत गुंडाळलं. भुऱ्याला उचलून त्याच्या छातीशी दिलं आणि स्वतः त्याच्या पाठीला चिकटून पडले.

“मेंदूत एक राखणदार असतो, लेकरा. गारठा आत शिरला की तोच अंग हलवतो, दात वाजवतो. ऊब राखायची धडपड असते ती त्याची.”

“मग... तो गप्प का झाला?”

“दमला तो. म्हणून ही खोटी ऊब.” बाबांना भीती वाटत होती, आणि ती त्यांनी लपवलीही नाही. मिठी घट्ट केली.

“राहा रे... इथंच राहा...”

भुऱ्याचं पोट वरखाली होत होतं. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं.

शिवनाथचा खांदा थरथरला. मग हनुवटी. मग सगळं अंग लटलटा कापू लागलं, दात कडाकडा वाजू लागले. त्याला रडूच फुटलं.

“थंडी... वाजतेय, बाबा. फार वाजतेय. सगळं... गेलं. आता कसली दीक्षा...”

बाबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं.

“दात वाजताहेत ना? हाच मंत्र. थांबवू नकोस.”