वस्ताद रांगेत बसला तेव्हा

फार मागची गोष्ट आहे, बाळांनो. आणि बाळांच्या मागं बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुमच्यासाठीही आहे. तेव्हा राजेही थोडे होते आणि रस्तेही थोडे होते. एका उंच कड्याच्या माथ्यावर एक गाव होतं. कड्याच्या अंगाला आग्या माशांची मोहोळं लटकायची, आणि त्या मधावर गाव जगायचं.

मध काढायचा तर दोराला धरून कड्यावरून खाली उतरायला लागायचं. दोराचं वरचं टोक झाडाला बांधलेलं. म्हणजे सगळा जीव त्या एका गाठीवर. ती गाठ शिकवायला गावात एक वस्ताद होता. त्याच्यासारखी गाठ दुसऱ्या कुणाला यायची नाही.

आता त्या गावची रीत ऐका. नवा चेला तयार झाला, की त्यानं झाडाला गाठ बांधायची, आणि तिच्यावर पहिल्यांदा उतरायचं ते वस्तादानं. गाठीला हात लावायचा नाही, ओढून बघायचं नाही. जसं शिकवलं असेल, त्यावर लटकायचं.

आजवर वस्तादानं चेले घडवले ते एकेकटे. चेला मांडीला मांडी लावून शेजारी बसायचा आणि शिकून जायचा. पण त्या साली दोरावर उतरणारी जुनी माणसं थकली होती. म्हणून गावानं पोरापोरींची अख्खी रांगच त्याच्यापुढं आणून बसवली. म्हणाले, "वस्ताद, मोहोळं भरायच्या आत यांना तयार करा."

रोज सकाळी वस्ताद झाडाच्या खोडाला पाठ लावून उभा राहायचा. रांग समोर.

"हे टोक असं घ्या. असं खालून काढा. असं ओढा. झालं! कळलं?"

"कळलं!" रांग एका सुरात म्हणायची.

मग ज्यानं त्यानं आपापला दोर फांदीला बांधायचा आणि खाली दगडांचं पोतं लटकवायचं.

धप्प! एक पोतं खाली. धप्प! दुसरं पोतं खाली.

 दर आवाजाला पोत्याच्या जागी वस्तादाला स्वतःचंच अंग दिसायचं.

"हात आहेत का काय आहे रे तुम्हाला?" तो ओरडायचा. मग तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं. "असं! असं! आणि असं! आता तरी कळलं?"

"कळलं!"

धप्प!

इकडं कड्याखालून माशांची घूं घूं वाढत चालली. वाऱ्याला मधाचा वास यायला लागला. वस्तादाच्या ताटातली भाकरी ताटातच राहायची. बसला की उठायचा. उठला की कड्यापर्यंत जायचा, खाली डोकवायचा आणि तसाच माघारी यायचा.

बायको म्हणाली, "अहो, जरा एका जागी टेका. तुमच्याकडं बघून मलाच गरगरायला लागलंय."

"कसा टेकू? ही कार्टी मला कड्यावरून खाली टाकणार आहेत."

"मग सांगा गावाला, की यंदा मी उतरत नाही."

"मी उतरलो नाही, तर रीतीप्रमाणं यांनाही उतरता येणार नाही. मग गाव काय खाईल? दगडं?"

 तिनंही आपलं ताट बाजूला सारलं.

एका सकाळी वस्ताद कड्यावरून डोकावत होता, तेवढ्यात माशा उठल्या आणि त्याच्या हातांना डसल्या. दोन्ही तळवे टम्म फुगले. दोर धरता येईना. दिवस वाया घालवणं परवडणारं नव्हतं. त्यानं आपल्या जुन्या चेल्याला, लखूला बोलावलं.

"मी शिकवतो तसंच शिकव. एक शब्द इकडचा तिकडं करू नकोस."

आणि स्वतः कुठं बसावं ते सुचेना, म्हणून रांगेच्या टोकाला, साळू नावाच्या पोरीशेजारी जाऊन बसला.

लखू खोडाला पाठ लावून उभा राहिला. वस्तादासारखाच खाकरला. वस्तादासारखंच त्यानं धोतर वर खोचलं. रांगेत हसू फुटलं आणि वस्तादाकडं बघून लगेच विझलं.

"हे टोक असं घ्या," लखू म्हणाला.

वस्ताद बघायला गेला, तर समोर नुसतं ऊन. सकाळचा सूर्य लखूच्या खांद्यावरून थेट डोळ्यांत येत होता. लखूचे हात म्हणजे काळे ठोकळे. दोर कधी पोटाआड जायचा, कधी बाहीआड. उजवं काय नि डावं काय, सगळं उलटं. वस्तादानं डोळे बारीक केले, मान वाकडी केली, तेवढ्यात आवाज आला, "झालं! कळलं?"

"कळलं!" रांग म्हणाली.

आणि रांगेबरोबर वस्तादही म्हणाला, "कळलं!"

शब्द तोंडातून गेला आणि तो चपापला. जी गाठ त्याची बोटं झोपेतही बांधतील, ती आज डोळ्यांपुढून गेली आणि त्याला दिसलीही नाही. तरी तो 'कळलं' म्हणून मोकळा झाला होता.

तो हळूच बाजूला वळला. "साळू, तुला काय दिसलं गं?"

"खरं सांगू?"

"सांग."

"काही नाही. रोजच काही दिसत नाही. मी शेजारच्या गेनूचं बघून बांधते."

"आणि गेनू?"

"तो माझं बघून."

"अगं, मग कळलं म्हणून कशाला ओरडता?"

साळूनं मान खाली घातली. "नाही म्हटलं, तर तुम्ही तेच पुन्हा मोठ्यानं सांगता, वस्ताद."

 वस्तादाला वाटलं, उठावं आणि लखूला चांगलं झापावं. पण लखूचं काय चुकलं होतं? त्यानं तर एक शब्दही बदलला नव्हता.

तो उठला आणि रांगेला म्हणाला, "उठा रे सगळे. या इकडं माझ्या बाजूला. ऊन पाठीवर घ्या. कुणी समोर बसू नका."

मग त्यानं सुजलेल्या बोटांनी दोर धरला. बोटं वळत नव्हती, त्यामुळं हात आपोआप सावकाश चालले. एक पीळ घातला, की थांबायला लागायचं. त्या थांबण्यात पोरं वाकून बघायची, बोट लावून विचारायची. गाठ झाल्यावर तो 'कळलं का' म्हणाला नाही. दोर साळूच्या हातात देऊन म्हणाला, "आता तू मला शिकव."

साळू शिकवायला लागली. मध्येच अडली. वस्तादाला पहिल्यांदाच दिसलं, की पोरं नेमकी कुठं अडतात.

त्या दिवशी काही पोती पडली, काही टिकली. गेनूचं पोतं धप्पकन पडलं. वस्ताद दचकला, पण ओरडला नाही. गेनूच्या मांडीला मांडी लावून बसला.

होता होता मोहोळं भरली. कड्यावर गाव जमलं. पहिली पाळी साळूची. तिनं झाडाला गाठ बांधली आणि ती बाजूला झाली. वस्तादाचा हात सवयीनं गाठीकडं गेला. त्यानं तो मागं घेतला.

"वस्ताद, भीती वाटते का?" साळूनं विचारलं.

"वाटते तर."

"मलापण. रात्रभर वाटत होती."

"मग नीट बांधली असशील," वस्ताद म्हणाला, आणि त्यानं कड्यावरून पाय सोडले.

दोर करकरला. गाठ आवळली. आणखी आवळली. वर कुणी हलेना. वस्तादाच्या बायकोनं पदर तोंडात धरला. खालून नुसती घूं घूं ऐकू येत होती. मग टोपलीच्या दोराला ओळखीचा हिसका बसला, आणि मधानं भरलेली टोपली वर यायला लागली.

तेव्हापासून त्या गावात जो कुणी शिकवतो, तो अधूनमधून दुसऱ्याला पुढं उभं करतो आणि स्वतः रांगेत बसतो. वस्तादही बसायचा. दर खेपेला अस्वस्थ होऊन उठायचा, आणि दर खेपेला आपल्या शिकवण्यात काहीतरी बदलायचा.

गोष्टीचं सांगणं एवढंच, की शिकवणाऱ्यानं आपलं शिकवणं शिकणाऱ्याच्या जागेवर बसून बघावं. तिथून जे दिसत नाही, ते आपण शिकवलेलंच नसतं.