शेवटच्या पंगतीची आमटी

“मग तानूबाईला उद्यापासून मठात बंदी करू ना, बाबा?”

महिपतीने विचारलं खरं, पण त्याचं आधीच ठरलेलं होतं. रेवणबाबांनी नुसतं हूं म्हणायचं बाकी होतं. कोळवाडीच्या मठाचं स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात, आणि त्यात कुणी खोट काढली की ते त्याच्या जिव्हारी लागायचं.

बाबा वाती वळत होते. “काय केलं तिनं?”

“रोजचं रडगाणं. आमटी पातळ, आमटी पातळ. परवा तर चारचौघांत बोलली.”

“मग तू काय केलंस?”

“नीट चौकशी केली. पंगतीत फिरून एकेकाला विचारलं. सगळे म्हणाले, आमटी फर्मास.”

“कुठल्या पंगतीत?”

“पहिल्या. जाणती माणसं तिथंच बसतात.”

बाबा वात वळत राहिले…

“आमटीचा प्रश्नच नाही, बाबा. प्रश्न तानूबाईचा आहे. नवरा लवकर गेला, सुनेशी पटत नाही, स्वभाव कडू झालाय. शेवटच्या पंगतीतल्या बाकीच्या बाया काही बोलतात का?”

“नाही बोलत?”

“चकार शब्द नाही.”

आता बाबा काय बोलणार, असं महिपतीला वाटलं. मठातलं जेवण हेच तानूबाईचं दिवसाचं धड जेवण, हे त्याला ठाऊक होतं. वाईटही वाटत होतं थोडं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

बाबांनी वात तबकात ठेवली. “उद्या जेवण झाल्यावर सांगतो.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या पंगतीत बाबांचा पाट रिकामाच राहिला. महिपतीने निरोप धाडला. “त्यांचं होऊ दे,” एवढंच उत्तर आलं. दुसरी पंगतही उठली, तरी बाबांचा पत्ता नाही.

पंगत उठली की आमटीच्या हंड्यात कळशीभर गरम पाणी ओतायचं, ही मठाची जुनी रीत. महिपतीने रोजच्यासारखं ओतलं. कुणी उपाशी तर जात नव्हतं ना, मग झालं तर.

शेवटची पंगत बसली. आमटीची बादली घेऊन, वाकत वाकत वाढत तो टोकाला पोचला आणि जागच्या जागी थिजला. तानूबाईच्या शेजारी, पाटाशिवाय, बाबा मांडी घालून बसले होते.

पानात भात पडलेला. आता मागे कसं फिरणार? त्याने ओगराळं रिकामं केलं. आमटी भातात थांबलीच नाही. पत्रावळीवरून निघाली ती थेट बाबांच्या धोतरापर्यंत.

बाबांनी एक घास खाल्ला.

“आमटी पातळ आहे रे, महिपती.”

महिपतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चूक झाली, बाबा. थांबा, आत्ता दुसरी टाकायला सांगतो. आजच विश्वस्तांना बोलावतो. मठाच्या अब्रूचा प्रश्न आहे हा.”

“खाली बस.”

तो बादलीशेजारी बसला. तानूबाई मान खाली घालून भात कालवत होती. आज ती काहीच बोलली नव्हती.

बाबांनी दुसरा घास घेतला, सावकाश गिळला…

“माझी बंदी उद्यापासून, की आत्ता उठू?”